घरभाडं आणि खिडकीतलं रोप

शुक्रवारची सकाळ. शिकागोच्या साउथ साइडमधलं, म्हणजे काळ्यांच्या वस्तीतलं, एक जुनं, कोंदट बिऱ्हाड. दहा-अकरा वर्षांचा ट्रॅव्हिस बैठकीच्या खोलीत अंथरूण घालून झोपतो, कारण त्याला वेगळी खोली नाही. न्हाणीघर मजल्यावरच्या दुसऱ्या कुटुंबाबरोबर सामाईक आहे, म्हणून डोळे उघडले की आधी तिकडे पळायचं. चाळीत वाढलेल्या मराठी वाचकाला ही घाई समजावून सांगावी लागत नाही. ट्रॅव्हिसला आज शाळेत पन्नास सेंट न्यायचेत. आई सरळ सांगते, माझ्याकडे नाहीत. बाप वॉल्टर ली हा एका श्रीमंताच्या गाडीवरचा ड्रायव्हर. तो बायकोकडे रोखून बघत पोराच्या हातावर पन्नास सेंट ठेवतो. वर आणखी पन्नास देतो, फळं खा नाहीतर टॅक्सीनं शाळेत जा म्हणून. पोरगा उड्या मारत निघून जातो. थोड्या वेळानं वॉल्टर कामाला निघतो, दारातून परत येतो आणि बायकोकडेच गाडीभाड्याला पैसे मागतो.

लॉरेन हॅन्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन' या नाटकाचा हा आरंभ. १९५९ साली ते ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर आलं. कृष्णवर्णीय स्त्रीनं लिहिलेलं ब्रॉडवेवरचं हे पहिलं नाटक. १९६१ मध्ये त्याचा चित्रपट झाला. अमेरिकन स्वप्न, कुटुंब आणि बालपण यांवर कितीही लिहिलं गेलं असलं, तरी मी पुन्हा पुन्हा याच प्रवेशाकडे येतो. पोराच्या मुठीत एक डॉलर आहे आणि बापाच्या खिशात बसभाडं नाही. प्रेक्षकाला दोन्ही दिसतं, पोराला फक्त डॉलर दिसतो.

अशा गोष्टी सांगायची सगळी कला मला इथे दिसते. घरात दोन हिशेब चालू असतात. एक मोठ्यांचा: भाडं, हप्ता, उधारी, औषध. दुसरा मुलाचा: आज काय खाल्लं, कुठे खेळलो, कोण रागावलं. चांगला लेखक किंवा दिग्दर्शक हे दोन्ही हिशेब एकाच प्रसंगात, एकाच वेळी मांडतो आणि मुलाला त्यातला एकच वाचू देतो. ज्या गोष्टीत मुलाला दोन्ही वाचता येतात, तिथे मूल खोटं वाटायला लागतं. ज्या गोष्टीत आपल्यालाही एकच दिसतो, तिथे बालपणाचं नुसतं कॅलेंडरवरचं चित्र उरतं.

'अमेरिकन ड्रीम' हा शब्द रूढ केला इतिहासकार जेम्स ट्रस्लो ॲडम्स यांनी, १९३१ सालच्या 'दि एपिक ऑफ अमेरिका' या पुस्तकात. महामंदी नुकती सुरू झाली होती. मोटारगाड्या आणि मोठे पगार म्हणजे हे स्वप्न नव्हे, प्रत्येकाला आपल्या कुवतीनुसार पूर्ण वाढता यावं अशी समाजव्यवस्था म्हणजे हे स्वप्न, असं त्यांचं म्हणणं होतं. कथा-चित्रपटांत मात्र त्या स्वप्नाला बहुतेक वेळा एकच आकार आला: स्वतःचं घर. त्यामुळे या गोष्टी तपासायला मला एक साधा प्रश्न पुरतो. मूल झोपतं कुठे, आणि त्या जागेचे पैसे कोण, किती दिवसांनी भरतं?

ट्रॅव्हिसच्या घराचं गणित हॅन्सबेरीनं चोख मांडलंय. आजोबा वारल्यावर विम्याचे १०,००० डॉलर येतात. आजी लीना त्यातले ३,५०० एका घराच्या विसारापोटी भरते. घर गोऱ्यांच्या वस्तीत आहे. तिथेच का, याला क्रांतीचं वगैरे कारण ती देत नाही. काळ्यांसाठी म्हणून लांबवर बांधलेली घरं दुप्पट महाग आहेत, एवढंच तिचं कारण. उरलेले ६,५०० ती मुलाच्या हातात देते. त्यातले ३,००० मुलीच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी आधी बाजूला काढायचे, हे बजावून. वॉल्टर सगळेच्या सगळे दारूच्या दुकानाच्या भागीदारीत घालतो आणि भागीदार पळून जातो. त्याआधीच गोऱ्या वस्तीचा प्रतिनिधी येऊन गेलेला असतो. तुम्ही येऊ नका, आम्ही घर जास्त पैसे देऊन परत विकत घेतो, असं त्यानं गोड बोलून सांगितलेलं असतं आणि घरच्यांनी त्याला वाटेला लावलेलं असतं. पैसे बुडाल्यावर वॉल्टर त्याला परत बोलावतो, ते पैसे घ्यायला तयार होतो. त्या वेळी सून पोराला खाली खेळायला पाठवू बघते. लीना तिला अडवते. तो इथेच थांबेल, त्याच्या डोळ्यांत बघून कर काय करायचं ते, असं मुलाला सांगते. पोर समोर उभं राहिलं आणि वॉल्टरच्या तोंडून नकार निघाला. पहिल्या अंकात पन्नास सेंटच्या वेळी ज्या मुलापासून हिशेब लपवला, त्याच मुलाला शेवटी हिशेबाचा साक्षीदार केलंय.

हॅन्सबेरीला हे नुसतं ऐकून माहीत नव्हतं. ती लहान असताना तिच्या वडिलांनी, कार्ल हॅन्सबेरी यांनी, शिकागोत अशाच वस्तीत घर घेतलं होतं. तिथल्या करारनाम्यांत काळ्यांना विकायचं नाही, असं कलम होतं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९४० मध्ये निकाल हॅन्सबेरींच्या बाजूनं लागला, पण तांत्रिक मुद्द्यावर. अशी कलमं न्यायालयांनी अमलात आणायची नाहीत, हे ठरायला १९४८ उजाडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटाउन हे उपनगर उभं राहिलं, १७,००० हून अधिक घरांचं. पुढे कितीतरी चित्रपटांतलं बालपण ज्या हिरवळीवर सायकल चालवतं, ती उपनगराची हिरवळ साधारण याच साच्यातली. सुरुवातीच्या करारांत तिथेही गोऱ्यांशिवाय कोणी राहायचं नाही, असं लिहिलेलं होतं. ही हिरवळ पडद्यावर दिसली की ते कलम मला आठवतं.

नाटकात लीनाच्या खिडकीत एक मरगळलेलं रोप आहे. उन्हाचा कवडसा मिळेल तेवढ्यावर ते जगतंय. शेवटी सगळं सामान खाली गेल्यावर ती एकटी परत वर येते आणि ते रोप घेऊन जाते.

हे रोप एकटं नाही. बेटी स्मिथची 'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन' ही कादंबरी १९४३ साली आली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना खिशात मावतील अशा आवृत्त्या वाटल्या गेल्या, त्यांत ही फार वाचली गेली. तिच्या नावातलं झाड मूळचं चीनचं. अठराव्या शतकाच्या शेवटी ते अमेरिकेत आलं. सिमेंटच्या फटीत, तळघराच्या जाळीतून, उकिरड्यावर, कुठेही ते उगवतं. आपल्याकडच्या महारुखाच्याच कुळातलं ते, दोघांची वनस्पतिशास्त्रातली प्रजाती (जीनस) एकच, जाती वेगळी. ब्रुकलिनमधल्या गरिबांच्या वाड्यांभोवती ते आपोआप वाढतं, आणि अकरा वर्षांची फ्रान्सी नोलन आगजिन्यावर बसून त्याच्या पानांआड पुस्तक वाचते.

या कादंबरीतले हिशेब म्हणजे मुलांच्या नजरेतून लिहिलेलं अर्थशास्त्र आहे. फ्रान्सी आणि तिचा भाऊ नीली आठवडाभर चिंध्या, कागद, धातूचे तुकडे गोळा करून शनिवारी भंगारवाल्याला विकतात. मुलीनं गालाचा चिमटा निमूट घेऊ दिला, तर भंगारवाला तिला एक पेनी जास्त देतो. ही वरची पेनी नीलीला कधीच मिळत नाही. लेखिका यावर एक शब्दही टीका करत नाही, आणि करायची गरजही नाही. कमाईतला वाटा पत्र्याच्या डब्यात जातो. डबा कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीला खिळ्यांनी ठोकलेला आहे. ही आजीची शिकवण: रोज थोडं टाका, एक दिवस जमिनीचा तुकडा घ्या. आजी स्थलांतरित, निरक्षर; तिची स्वतःची जमीनखरेदी फसलेली. दुसरी शिकवण: झोपण्याआधी रोज शेक्सपियरचं एक पान आणि बायबलचं एक पान मोठ्यानं वाचायचं.

पण फ्रान्सीची आई केटी नुसती काटकसरी बाई नाही, म्हणून ही कादंबरी मोठी. फ्रान्सीला कॉफीचा वास आवडतो, चव नाही. दर जेवणाला तिचा कप भरला जातो, ती त्यावर हात शेकते आणि मग कॉफी मोरीत ओतून दिली जाते. मावश्या कुरकुरतात. केटी म्हणते, काहीतरी वाया घालवता येणं म्हणजे काय, हे या पोरीला कळू दे. माझ्या वाचनात गरिबीबद्दलचा याहून नेमका प्रसंग नाही. आणि पत्र्याच्या डब्याचं काय झालं? बाप जॉनी गाणारा वेटर, प्रेमळ, दारुडा. तो गेला तेव्हा दफनाच्या जागेसाठी पैसे कमी पडले आणि डबा उघडावा लागला. जमिनीचा तुकडा अखेर असा मिळाला. एलिया कझानचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट याच कादंबरीवर, १९४५ चा. फ्रान्सी झालेल्या पेगी ॲन गार्नरला बालकलाकाराचं खास ऑस्कर मिळालं.

आता सत्तर वर्षं पुढे, फ्लोरिडात. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या अमेरिकेच्या सहलींत ऑरलँडो असतंच. डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. त्याआधी ते कागदावर होतं तेव्हा त्या बेताचं नाव होतं 'फ्लोरिडा प्रोजेक्ट'. शॉन बेकरनं २०१७ च्या चित्रपटाला तेच नाव दिलं, 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट', आणि कॅमेरा नेला किसिमीच्या १९२ नंबरच्या महामार्गावर. पर्यटकांसाठी बांधलेली तिथली स्वस्त मोटेलं आता बेघर कुटुंबांची घरं झाली आहेत. चित्रपटातलं मोटेल जांभळ्या रंगाचं, 'मॅजिक कॅसल' नावाचं. चित्रपट झाला तेव्हा ते खरंच तिथे होतं. सहा वर्षांची मूनी आणि तिची विशीतली आई हॅली तिथे एका खोलीत राहतात.

मोटेलात कोणी वर्षानुवर्षं का राहील? भाडं स्वस्त असतं म्हणून नव्हे. रात्रीला ४० डॉलर धरले, तर महिन्याचे १,२०० होतात. तेवढ्यात तेव्हा साधी सदनिका मिळू शकत होती. पण सदनिकेत शिरताना पहिल्या महिन्याचं भाडं, अनेकदा शेवटच्या महिन्याचंही, वर अनामत आणि पत-इतिहासाची तपासणी. हजार डॉलर भाड्याच्या घरात पाऊल ठेवायला हातात तीन हजार हवेत. रोज चाळीस जमवणाऱ्याकडे तीन हजार कधीच एकदम नसतात. त्यात आणखी एक गोष्ट चित्रपट दाखवतो: ठरावीक काळानं एक रात्र खोली सोडून दुसरीकडे जावं लागतं, म्हणजे कायमचा रहिवासी असल्याचा हक्क सांगता येत नाही. हॅली गाद्यागिरद्या उचलून महामार्गापलीकडच्या मोटेलात जाते. तिथे भाडं वाढलेलं. मूनीला ही सहल वाटते.

बेकरची कारागिरी इथे पाहण्यासारखी आहे. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटिमीटर असते, म्हणजे डोळे जमिनीपासून मीटरभर. कॅमेरा बराच वेळ त्या उंचीच्या आसपास राहतो; मोटेलचा जिना किल्ल्यासारखा दिसतो, जांभळा रंग आभाळ व्यापतो. मोठ्या माणसाच्या उंचीवरून खाली पाहिलं की मूल लगेच बिचारं होतं, आणि बिचाऱ्या मुलाला खोडी करता येत नाही. मूनी भरपूर खोड्या करते. आइस्क्रीमसाठी अनोळखी लोकांकडे पैसे मागते, एका कोनात तिघं चाटतात, ओसाड बंगल्यांना आग लागते. ३५ मिलिमीटर फिल्मवर उन्हाळा असा उतरलाय की रंगांनी डोळे निवतात. जवळूनच पर्यटकांची हेलिकॉप्टरं सतत उडतात. त्यांचा आवाज जवळपास प्रत्येक प्रसंगात आहे आणि मुलांनी तो कधीच ऐकणं सोडलंय.

मग न्हाणीघर. मूनी टबात खेळतेय, बाहेर संगीत मोठ्यानं लावलंय. असाच प्रसंग पुन्हा येतो, पुन्हा येतो. एकदा एक परका माणूस दार उघडून आत येतो, आणि आई कशी कमावतेय ते आपल्याला कळतं. कॅमेरा टबाजवळून हलत नाही. दाराबाहेरचा एकही क्षण आपल्याला दाखवलेला नाही. दोन हिशेब एकाच चौकटीत मांडणं म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना सांगता येणार नाही. आणि मूनीला आवडणारं झाडही इथे आहे: आडवं पडलेलं, तरी वाढत असलेलं. ते तिला का आवडतं, हे ती मैत्रिणीला सांगते आणि पाव खात राहते.

हे बिघडतं कसं, तेही पाहायला हवं, कारण बिघडलेले प्रयत्नच जास्त आहेत. पहिली चूक म्हणजे मुलाच्या तोंडी शहाणपण घालणं. सात वर्षांचा मुलगा आईला आयुष्याबद्दल सल्ला देतो आणि सभागृह हळहळतं. मुलं मोठ्यांचं दुःख ओळखतात हे खरं. मूनीही म्हणते की मोठी माणसं रडायच्या बेतात आली की मला कळतं. ती ओळखते, उपदेश करत नाही. दुसरी चूक गणिताची. एकटी आई कॅफेत काम करते आणि तिच्या घरात उंच खिडक्या, मुलाला स्वतंत्र खोली. एकदा हे खटकलं की पुढच्या कोणत्याही अश्रूवर विश्वास बसत नाही. लिहिणाऱ्यानं कथा सुरू करण्याआधी त्या घराची आठवड्याची कमाई, भाडं आणि एक अनपेक्षित खर्च कागदावर लिहून काढावा. कथेत ते आकडे येवोत न येवोत, संवाद बदलतात. तिसरी चूक शेवटी येणाऱ्या देवदूताची: शिष्यवृत्ती, वारसा, दयाळू मालक. हॅन्सबेरीनं विम्याचा चेक पहिल्याच अंकात आणला आणि मग घालवला. तिथून नाटक सुरू झालं.

पडद्यावरचं बालपण हे कुणा खऱ्या मुलाचे कामाचे तास असतात, हेही विसरू नये. १९२१ च्या 'द किड'मध्ये चॅप्लिनबरोबर काचा फोडत फिरणारा जॅकी कूगन तेव्हा सहा वर्षांचा होता. अनाथ पोराचं काम करून त्यानं लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर पैसे मागितले, तेव्हा आई आणि सावत्र बापानं बरेचसे उडवल्याचं कळलं. १९३८ मध्ये त्यानं खटला भरला. हातात आले सुमारे १,२६,००० डॉलर. त्यावरून कॅलिफोर्नियात १९३९ साली कायदा झाला, तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. त्यात पळवाटा होत्या. २००० सालापासून मुलाची कमाई मुलाचीच आणि १५ टक्के विश्वस्त खात्यात, असं पक्कं झालं. तिथे सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला सेटवर जास्तीत जास्त आठ तास थांबता येतं; त्यात काम चार तास, शाळा तीन, विश्रांती एक. सहा महिन्यांखालच्या बाळाचं काम दिवसाला फक्त वीस मिनिटं. म्हणून तान्ह्या बाळाच्या भूमिकेला जुळी शोधतात.

आपल्याकडे बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकलाकाराला परवानगी आहे, पण अटींवर: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेच्या मुदत ठेवीत. मालिकेसाठी मुलाला घेऊन गोरेगावच्या सेटवर थांबणाऱ्या पालकांनी ही ठेवीची पावती स्वतः मागून घ्यावी.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांवर लिहिलेल्या कथांत मूल येतं, पण बहुतेकदा आजीशी कोणत्या भाषेत बोलतं एवढ्यापुरतं. त्या घराचा हिशेब फारसा येत नाही. ग्रीन कार्डांवर दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. आईबापांच्या एच-वन-बी व्हिसावर अवलंबून, तिथेच शाळा शिकलेलं मूल एकविसाव्या वाढदिवशी त्या रांगेतून बाहेर फेकलं जातं. न्यू जर्सीतल्या एखाद्या घरी हा वाढदिवस कसा जवळ येत असेल? आई केकची ऑर्डर देतेय आणि बाप वकिलाला ई-मेल लिहितोय. हा प्रसंग मराठीत लिहिला जायला हवा, आणि लिहिणारं त्याच घरात वाढलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

ली आयझॅक चुंगनं तसंच केलं. 'मिनारी' २०२० चा, काळ १९८० च्या दशकातला, आर्कान्सातला. त्याचं स्वतःचं बालपण तिथल्याच शेतावर गेलेलं. कोरियन बाप जेकब पन्नास एकर घेतो. त्यावरचं घर चाकांवरचं, दाराला पायऱ्या नाहीत. आईला पहिल्याच दिवशी हात धरून वर चढावं लागतं. दोघं नवराबायको हॅचरीत कोंबडीच्या पिल्लांचे नर-मादी वेगळे करायचं काम करतात. धुराड्यातून धूर निघताना बघून छोटा डेव्हिड विचारतो, हे काय? बाप सांगतो, नर पिल्लं टाकून देतात, ती उपयोगाची नसतात. म्हणून आपण दोघांनी उपयोगी व्हायला हवं. आईबापांची सगळी भीती त्या एका उत्तरात आहे, आणि डेव्हिडला ती पिल्लांबद्दलची माहिती वाटते. चित्रपट अमेरिकन पैशानं, अमेरिकेत, अमेरिकन दिग्दर्शकानं केलेला. पण संवाद बहुतेक कोरियन, म्हणून गोल्डन ग्लोबनं त्याला परभाषी चित्रपटांच्या गटात बसवलं.

जेकबचं शेत पाण्यावर अडतं. पाणाड्याला पैसे द्यायला तो नकार देतो, अक्कल वापरून स्वतः विहीर खणतो. ती आटते. मग विकतचं सरकारी पाणी शेताला, आणि घरच्या नळाला कोरड. अखेर माल ठेवलेल्या कोठाराला आग लागते, आजीच्या हातून, नकळत. डेव्हिडच्या हृदयाला छिद्र आहे म्हणून आईनं त्याला जन्मभर पळू दिलेलं नाही. घाबरून दूर चाललेल्या आजीला अडवायला तो त्या रात्री धावतो. मूनीही शेवटी धावते, मैत्रिणीचा हात धरून, थेट डिस्नेच्या किल्ल्यात. ते दृश्य बेकरनं परवानगी न घेता आयफोनवर टिपलं.

आजीनं कोरियाहून मिनारीचं, म्हणजे ओल्या जागी वाढणाऱ्या एका पालेभाजीचं, बी आणलेलं असतं. तिनं ते ओढ्याकाठी, साप असलेल्या ओल्या जागी पेरलं होतं. आगीनंतर कुटुंब पाणाड्याला बोलावतं आणि त्यानं दाखवलेल्या जागी दगड ठेवतं. मग बापलेक ओढ्यावर उतरतात. मिनारी गुडघाभर माजलेली आहे. आपोआपच चांगली आलीये, आजीनं जागा बरोबर हेरली होती, असं जेकब म्हणतो, आणि दोघं वाकून कापायला लागतात.